ग्रंथातला निसर्ग आणि निसर्गाचा ग्रंथ

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथालयाची शताब्दी हा ग्रंथांचा उत्सव असतो. अशा उत्सवात सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय निसर्गचिंतकांचे स्मरण करणे काहीसे विसंगत वाटण्याचा संभव आहे. कारण शालेय पुस्तकांतून या मंडळींची जी प्रतिमा मनावर ठसलेली असते, ती ग्रंथ बाजूला सारून थेट सृष्टीकडे पाहणाऱ्या बंडखोरांची. मध्ययुग म्हणजे अंधार, विद्वान म्हणजे ॲरिस्टॉटल आणि गालेन यांची पोपटपंची करणारे, आणि मग एके दिवशी कोणी दुर्बीण उचलली, कोणी सुरी उचलली व प्रकाश पडला, अशी ती कथा. सोपी असल्यामुळे ती लोकप्रिय झाली. ती जर खरी असेल, तर शंभर वर्षे कपाटांची राखण करणाऱ्या संस्थेने थोडे अस्वस्थ व्हायला हवे. निसर्गाचे ज्ञान ग्रंथ टाकून दिल्यावरच मिळत असेल, तर ग्रंथालयाने जपले ते काय?

या प्रश्नाचे उत्तर त्या माणसांच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहिल्यावाचून मिळत नाही, आणि पाहू लागले की ती सोपी कथा टिकत नाही.

इ. स. १५४३ या वर्षापासून आरंभ करण्याची प्रथा आहे, आणि ती सोडण्याचे कारण नाही. त्या वर्षी न्यूरेंबर्ग येथे कोपर्निकसचा खगोलांच्या भ्रमणांविषयीचा ग्रंथ छापून निघाला, आणि त्याच वर्षी बाझेल येथे आंद्रेआस वेसालियसचा मानवी शरीराच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोपर्निकस सत्तर वर्षांचा, मृत्युशय्येवर. वेसालियस अवघा अठ्ठावीस वर्षांचा. पहिल्याने सूर्य मध्ये ठेवला, दुसऱ्याने मानवी देह उघडून दाखविला.

वेसालियसच्या पूर्वी शरीररचनेचा पाठ कसा चाले, याची चित्रे उपलब्ध आहेत. उंच आसनावर बसलेला प्राध्यापक गालेनचे वचन वाचीत असे. खाली मेजावर प्रेत असे, आणि त्यावर सुरी चालवीत असे तो न्हावी. तिसरा एक जण काठीने अवयव दाखवी. वाचणाऱ्याचा हात प्रेताला लागत नसे आणि कापणाऱ्याला लॅटिन समजत नसे. पादुआच्या विद्यापीठात १५३७ साली अध्यापक झाल्यावर वेसालियस त्या आसनावरून खाली उतरला आणि सुरी त्याने स्वतःच्या हाती घेतली. मग त्याच्या ध्यानात येऊ लागले की गालेनने वर्णिलेला खालचा जबडा दोन हाडांचा आहे, परंतु माणसाचा जबडा एकाच हाडाचा असतो. गालेनने सांगितलेले उरोस्थीचे सात भाग माणसाच्या छातीत सापडत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेले रक्तवाहिन्यांचे अद्भुत जाळे खूर असलेल्या जनावरांत आढळते, माणसात नाही. निष्कर्ष एकच होता. गालेनने वानरे, डुकरे, गाई-बैल चिरले आणि त्यांच्यावरून माणसाचे अनुमान केले. दुसऱ्या शतकातील त्या थोर वैद्याने तेरा शतके ज्या देहाचे वर्णन म्हणून मान मिळविला, तो देह बऱ्याच अंशी माणसाचा नव्हताच.

इथपर्यंतची हकीकत सर्वश्रुत आहे. पण तिचा एक धागा सहसा सांगितला जात नाही. १५४१ साली व्हेनिसला गालेनच्या समग्र ग्रंथांची जी लॅटिन आवृत्ती निघाली, तिच्या संपादनात स्वतः वेसालियसचा हात होता. म्हणजे गालेनचे दोष ज्याने दाखविले, त्याने गालेन आपल्या पिढीतील बहुतेकांपेक्षा अधिक बारकाईने वाचलेला होता. एका ठिकाणचे वर्णन दुसऱ्या ठिकाणच्या वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय, हा ग्रंथकार कोणत्या प्राण्याबद्दल बोलत आहे, ही शंका मनात येत नाही. ज्यांनी गालेन वाचलाच नव्हता अशा न्हाव्यांनी शेकडो प्रेते कापली होती, परंतु त्यांना काहीच दिसले नाही. ग्रंथाचा अपेक्षाभंग होण्यासाठी आधी ग्रंथाकडून काही अपेक्षा असावी लागते.

याच्या उलट उदाहरण वेसालियसच्या गुरूंचे. पॅरिसचे सिल्व्हियस हे गालेनचे निस्सीम भक्त. शिष्याने दाखविलेल्या विसंगती डोळ्यांना दिसत होत्या, त्या नाकारता येईनात. तेव्हा त्यांनी तोड काढली की गालेनने लिहिले ते बिनचूकच. गालेनच्या काळापासून आजवर माणसाचे शरीर बदलले असले पाहिजे. हे ऐकून हसू येते खरे. पण ज्याने आयुष्यभर एका ग्रंथावर श्रद्धा ठेवली, त्याला देहात बदल मानणे ग्रंथात चूक मानण्यापेक्षा सोपे वाटले, यात नवल कसले? अशी सिल्व्हियसे सर्व देशांत आणि सर्व शास्त्रांत असतात.

वेसालियसची दृष्टी तरी सर्वस्वी मुक्त होती काय? तीही नव्हती. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातून रक्त झिरपते, असे गालेनने सांगितले होते. वेसालियसला तेथे छिद्रे दिसली नाहीत. १५४३ च्या आवृत्तीत त्याने, न दिसणाऱ्या छिद्रांतून रक्त जाऊ देणाऱ्या विधात्याच्या कौशल्याबद्दल आश्चर्य व्यक्त करून विषय सोडला. १५५५ च्या आवृत्तीत मात्र त्याने आपली शंका उघड मांडली. डोळ्यांनी पाहिलेले कागदावर उतरायला बारा वर्षे लागली.

आता या कथेतील एक प्रकरण गोमंतकात घडते, आणि ते मराठी माणसाने सहसा ओलांडून जाऊ नये असे आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत शिकलेला, म्हणजे गालेन आणि डायोस्कोरिडीज यांच्या परंपरेतच वाढलेला. तीस वर्षांच्या आसपास त्याने येथे वैद्यकी केली, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात त्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ छापला गेला. ग्रंथाची भाषा लॅटिन नव्हती, पोर्तुगीज होती. छपाई अशी अशुद्ध की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले.

संवाद चालतो तो स्वतः ओर्ता आणि नुकताच स्पेनहून आलेला रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान यांच्यात. रुआनो प्रत्येक वस्तूविषयी ग्रीक, लॅटिन आणि अरब ग्रंथकारांची वचने पुढे करतो, आणि ओर्ता सांगतो की हे झाड माझ्या बागेत आहे, ते असे नाही. दालचिनी, हिंग, भांग, धोतरा, फणस, जांभूळ, आंबा अशी एकेक वस्तू पुढे येते. मधूनच अंतोनिया नावाची दासी झाडाची फांदी घेऊन येते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपले म्हणणे मांडतो. मुंबईहून कूळ येते आणि गव्हर्नरसाहेबांना नजर करण्यासाठी आंब्यांची करंडी आणते. युरोपातील कोणत्याही विद्यापीठात दासीची साक्ष गालेनच्या समोर ठेवली गेली नसती. स्पेनमध्ये असतो तर गालेन आणि ग्रीकांविरुद्ध काही बोलण्याचे धाडस झाले नसते, अशा आशयाची कबुली ओर्ता स्वतःच देतो. पटकीचे जे वर्णन त्याने केले आहे ते आशियातील या रोगाच्या युरोपीयांनी लिहिलेल्या सर्वांत जुन्या रोगवर्णनांपैकी एक आहे, आणि तेथे त्याने नोंदविलेले देशी नाव म्हणजे आपल्या आजीबाईंच्या तोंडची 'मोडशी'. पोर्तुगीजांच्या उच्चारात तिचे रूप पालटले, पण शब्द ओळखू येतो.

ओर्ताचे नशीब मात्र करुण. त्याचे आईवडील बळजबरीने ख्रिस्ती झालेल्या यहुदी घराण्यांतले होते. गोव्यात धर्मसभेचे न्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० मध्ये आले. १५६८ साली ओर्ता वारला; पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली गेली. ग्रंथ मात्र तोवर हातातून निसटला होता. क्लुसियस नावाच्या वनस्पतिज्ञाला लिस्बनमध्ये त्याची प्रत मिळाली आणि १५६७ मध्ये त्याने अँटवर्पहून लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. पुढची पिढी ओर्ताला ओळखते ती मुख्यतः त्या लॅटिन संक्षेपातून, आणि त्यात अंतोनिया नाही, आंब्यांची करंडी नाही, रुआनोशी झालेले वादही नाहीत. द्रव्ये आणि त्यांचे गुण तेवढे शिल्लक राहिले. ज्ञान अशा रीतीने सुटसुटीत होते आणि त्याचे मूळ पुसले जाते. शंभर वर्षांनंतर मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा प्रचंड डच ग्रंथ अॅमस्टरडॅमला निघू लागला, तेव्हा त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत छापलेले आहे. त्या ग्रंथाच्या कर्त्याने, व्हान रेडे याने, निदान साक्षीदारांची नावे तरी राखली.

ज्या १५६३ साली गोव्यात ओर्ताचा ग्रंथ छापला जात होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाइप्झिग येथे सोळा वर्षांचा एक डॅनिश विद्यार्थी आकाशाकडे पाहत होता. गुरू आणि शनी यांची युती होती. टायको ब्राहे हे त्या विद्यार्थ्याचे नाव. जुन्या आल्फोन्सीय कोष्टकांनी दिलेली युतीची तारीख सुमारे महिन्याने चुकली. कोपर्निकसच्या आधाराने केलेली नवी कोष्टकेही काही दिवसांनी चुकली. कोष्टके करणारी माणसे एकमेकांचे ग्रंथ वाचतात, आकाश कोणी वाचीत नाही, ही टायकोची तक्रार होती. पुढे डेन्मार्कच्या राजाने १५७६ मध्ये त्याला ह्वेन नावाचे बेट दिले. तेथे त्याने वेधशाळा बांधली, आणि वीस वर्षे रात्रीमागून रात्री ग्रहांचे वेध घेतले. दुर्बीण अजून निघायची होती. नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या धातूच्या यंत्रांनी त्याने साधलेली अचूकता एक-दोन कलांपर्यंत होती. त्या बेटावर त्याचा स्वतःचा छापखानाही होता आणि कागदाची गिरणीही. ग्रंथांचा वैरी असे काही करीत नाही.

राजा बदलला, मर्जी फिरली, आणि टायको १५९९ मध्ये प्रागला सम्राट रुडॉल्फच्या आश्रयास गेला. तेथे १६०० च्या आरंभी त्याच्याकडे योहान्नेस केपलर आला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, गरीब, अशक्त दृष्टीचा, पोटासाठी पत्रिका मांडणारा आणि गणितात मात्र अलौकिक. टायकोने त्याला मंगळ दिला. मंगळाचा प्रश्न आठ दिवसांत सोडवितो, अशी पैज केपलरने मारली. त्या आठ दिवसांची पाच वर्षे झाली.

येथे थोडे थांबून गणिताकडे पाहिले पाहिजे, कारण सगळे इंगित त्यात आहे. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या कला ६०, ही मोजणी आपल्या पंचांगातलीच आहे. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचा व्यास साधारण तीस कलांचा. केपलरने जुन्याच पद्धतीने, म्हणजे मंगळाचा मार्ग वर्तुळाकार धरून, सूर्य मध्यबिंदूपासून थोडा बाजूला ठेवून गणित मांडले. या गणिताला सरळ रीत नव्हती. अंदाज धरायचा, ताडून पाहायचे, पुन्हा दुरुस्त करायचे. हे त्याने सत्तर वेळा केले. वाचणाऱ्याला कंटाळा आला तर त्याने ते सत्तर वेळा करणाऱ्याची कीव करावी, अशा अर्थाचे त्याने ग्रंथातच लिहून ठेवले आहे. अखेर मंगळाचे भोग टायकोच्या वेधांशी दोन कलांच्या आत जुळले. दुसरा कोणी असता तर त्याने येथे लेखणी खाली ठेवली असती.

केपलरने तपासणी चालूच ठेवली. ग्रहाचा भोग जुळला तरी त्याचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासून वर-खाली असणे, या गणिताने जुळेना. शरावरून सूर्य-मंगळ अंतर काढले तर सूर्याची जागा वेगळी येई. ती जागा दुरुस्त केली की मग भोगात चूक उत्पन्न होई, आणि ती चूक आठ कलांची होती. चंद्रबिंबाच्या जेमतेम पावपट.

आठ कला. टॉलेमीच्या वेधांतच दहा कलांपर्यंतची चूक संभवे, तेव्हा टॉलेमीला हे गणित निर्दोष वाटले असते. कोपर्निकसलाही वाटले असते. पण हे वेध टायकोचे होते, आणि टायको आठ कलांनी चुकत नाही, हे केपलरला ठाऊक होते. म्हणून त्याने आपले सगळे काम, ती सत्तर गणिते, मोडीत काढली. या आठ कलांनीच खगोलशास्त्राच्या पूर्ण सुधारणेची वाट दाखविली, असे त्याने पुढे लिहिले, आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार असतात, हे प्लेटोच्या परंपरेपासून दोन हजार वर्षे कोणी तपासून पाहिलेले नव्हते. ग्रीक, अरब, कोपर्निकस, स्वतः टायको, सर्वांचे त्यावर एकमत होते. ते गृहीत चंद्राच्या पावभर रुंदीसाठी टाकून द्यावे लागले.

त्यानंतर त्याने आधी पृथ्वीची कक्षा तपासली, मग मंगळाची कक्षा अंडाकृती असेल असे धरले, फसला, मध्येच लंबवर्तुळ हाती आले ते चुकीच्या समजुतीने टाकून दिले, आणि १६०५ मध्ये पुन्हा फिरून त्यापाशीच आला. 'नवे खगोलशास्त्र' हा त्याचा ग्रंथ १६०९ साली बाहेर पडला. मध्ये दिरंगाई झाली ती शास्त्रीय कारणाने नव्हे. टायको १६०१ मध्ये वारला होता आणि त्याच्या वेधांच्या वह्या केपलरने ताब्यात घेतल्यामुळे जावयाने हक्काचा तंटा उभा केला होता. त्या ग्रंथाचा अपूर्व विशेष असा की केपलरने त्यात आपल्या चुका क्रमाने छापल्या आहेत. शास्त्रीय ग्रंथ सिद्धान्तापासून सुरू व्हावा, ही युक्लिडपासूनची शिस्त. केपलरने वाचकाला सोबत घेऊन सगळे चकवे फिरविले. त्यामुळे तो ग्रंथ फारसा कोणी वाचला नाही, असे म्हटले तर चूक होणार नाही. गॅलिलिओसारख्यानेही लंबवर्तुळ कधी स्वीकारले नाही.

पुढल्या आयुष्यात केपलरच्या वाट्याला काय आले? पत्नी आणि मुले यांचे मृत्यू, धर्मयुद्धामुळे गाव सोडणे, थकलेले वेतन. आणि १६२० मध्ये चेटकीण म्हणून त्याच्या वृद्ध मातेला झालेली अटक. तिच्या बचावाची बाजू त्याने स्वतः मांडली, साक्षींतील प्रत्येक विसंगती मंगळाच्या वेधांप्रमाणे तपासली, आणि चौदा महिन्यांनी तिला सोडवून आणले. १६२७ साली त्याने ग्रहांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधाराने भाकीत केले की १६३१ च्या नोव्हेंबरमध्ये बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल. १६३० मध्ये तो वारला. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये गासेंदीने अंधाऱ्या खोलीत कागदावर सूर्याची प्रतिमा पाडली, आणि तीवर एक लहानसा काळा ठिपका सरकताना पाहिला. तो ठिपका इतका लहान होता की प्रथम त्याला तो सूर्यावरील डाग वाटला.

गॅलिलिओबद्दल थोडक्यात सांगावे, कारण त्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिल्यावर त्याने दोन महिन्यांत छोटे पुस्तक छापून काढले. पादुआतील त्याच्या सहकारी क्रेमोनिनीने दुर्बिणीतून पाहण्यास नकार दिला. १६३३ मध्ये रोम येथे खटला झाला. परंतु दुर्बिणीपेक्षाही त्याचा मोठा ठेवा म्हणजे उतरती फळी. पडणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांनी मोजता येत नाही एवढा असतो, म्हणून त्याने ती वस्तू उतारावर सोडून संथ केली, पाण्याच्या धारेने काळ मोजला, आणि अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखविले. निसर्ग जसा आहे तसा पाहणे, आणि निसर्गाला आपल्याला मोजता येईल अशा रीतीने वागायला लावणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरी क्रिया खरी नवी. १६२३ च्या पुस्तकात त्याने विश्वाला गणिताच्या भाषेत लिहिलेला ग्रंथ म्हटले, ही उपमा प्रसिद्ध आहे. ग्रंथांविरुद्ध बोलतानाही त्याला उपमा सुचली ती ग्रंथाचीच.

इंग्लंडचा फ्रान्सिस बेकन याचे नाव अशा व्याख्यानात फार मोठ्याने घेतले जाते. त्याने पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, परंतु कोपर्निकसचे म्हणणे त्याला पटले नाही आणि स्वतः त्याने एकही महत्त्वाचा शोध लावला नाही. जाहीरनामे लिहिणारे आणि आठ कलांसाठी पाच वर्षे घालविणारे ही दोन निरनिराळी माणसे असतात.

विल्यम हार्वे हा दुसऱ्या जातीचा. तोही पादुआचाच विद्यार्थी. शिरांमध्ये झडपा असतात हे त्याच्या गुरूंनी, फाब्रिसियस यांनी, दाखविले होते, पण त्या कशासाठी हे त्यांना उमगले नव्हते. १६२८ च्या ग्रंथात हार्वेने केलेला युक्तिवाद इतका साधा आहे की तो चौथीतल्या मुलाला समजावा. हृदयाच्या एका ठोक्याला निदान अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरा. अर्ध्या तासात निदान हजार ठोके पडतात. म्हणजे अर्ध्या तासात पाचशे औंस, चौदा-पंधरा किलो. एवढे रक्त संपूर्ण शरीरात नाही, आणि माणूस अर्ध्या तासात एवढे अन्न खाऊन त्याचे रक्तही करू शकत नाही. गालेनच्या मते रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत खर्ची पडते. तसे असेल तर हा हिशेब जुळत नाही. मग एकच मार्ग उरतो: तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. दंडाला पट्टी बांधून त्याने ते दाखविलेही. मात्र रोहिणीतून शिरेत ते जाते कसे, ही वाट त्याला दिसली नाही. ती सूक्ष्मदर्शकाने माल्पिगीने १६६१ मध्ये दाखविली, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. हाच हार्वे आयुष्यभर ॲरिस्टॉटलचा निष्ठावंत वाचक होता, हे विसरले जाते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या एकेकट्या माणसांच्या कामाला संस्थेचे रूप आले. १६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी निघाली, १६६५ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. कोणाच्याही शब्दावर विसंबू नये, हे त्या संस्थेने ब्रीद म्हणून घेतले. आणि या संस्थेची पहिली मोठी कसोटी ठरली ती छपाईच्या खर्चाची! न्यूटनचा ग्रंथ १६८७ मध्ये छापायचा होता, तेव्हा संस्थेची गंगाजळी माशांच्या इतिहासावरील एका भारी सचित्र ग्रंथात अडकून पडली होती, आणि तो ग्रंथ खपत नव्हता. शेवटी हॅलीने पदरमोड करून न्यूटन छापला. आणि संस्थेने हॅलीच्या पगारापोटी त्याला दिल्या त्या माशांच्या ग्रंथाच्या न खपलेल्या प्रती. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर काम केलेल्यांना यातले दुःख विशेष समजेल.

हे सर्व मराठीत केव्हा आले? भोपाळजवळ सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी संस्कृत पाठशाळेला उत्तेजन देत होता. तेथील सुबाजी बापू या मराठी पंडिताने १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहून पुराणांचा भूगोल, भास्कराचार्यादिकांचे सिद्धान्त आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना केली. कोपर्निकसच्या ग्रंथाला तेव्हा २९३ वर्षे झाली होती. त्याच सिहोरच्या पाठशाळेत शिकलेले पुण्याचे बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. मराठी मुलखाबाहेरच्या मराठी माणसांनी केलेले हे काम आहे, आणि त्याची आठवण मराठी मुलखात फारशी राहिलेली नाही.

१८६० साली केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध केली, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यांचे नवे पंचांग निघू लागले. त्याला विरोध झाला तो 'ग्रहलाघवा'च्या नावाने. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा हा करणग्रंथ १५२० चा, म्हणजे कोपर्निकस आपल्या गणितात बुडालेला होता त्याच काळातला. त्यावर घरोघरची पंचांगे चालत होती, आणि जे साडेतीनशे वर्षे चालले ते सोडण्यास लोक तयार नव्हते.

पण 'ग्रहलाघव' उघडून पाहिले तर आरंभीच्या भागात काय आढळते? गणेश दैवज्ञ तेथे सांगतात की अमुक ग्रह अमुक सिद्धान्ताने आकाशाशी जुळतो, तमुक ग्रह तमुक सिद्धान्ताने, म्हणून एकाच ग्रंथाला धरून न राहता जो जेथे जुळला तो तेथे घेतला आहे. त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी स्वतः वेध घेऊन जुन्या ग्रंथांतील अंतर नोंदविले होते, आणि पुढच्या गणकांनीही तसेच वेध घेऊन अंतर पडेल तेव्हा ग्रंथ सुधारावा, असे सांगून ठेवले होते. केरूनानांच्या पंचांगाला विरोध करणाऱ्या बहुतेकांच्या घरी तो ग्रंथ होता, आणि रोज हाताळला जात होता.